वेगाची परीक्षा कोठे व्हावी?

शिवाजी पेठेत राहणाऱ्या मनुष्यास रात्रीचे दहा वाजल्याचे घड्याळाने सांगावे लागत नाही. अर्ध्या शिवाजी पुतळ्याकडून रंकाळ्याच्या दिशेने पुंगळी काढलेल्या मोटारसायकली कर्णकर्कश आवाज करीत जाऊ लागल्या, म्हणजे दहा वाजले असे समजावे. आजारी माणसे कूस बदलतात, तान्ही मुले दचकून उठतात, आणि खिडकीशी अभ्यासास बसलेला विद्यार्थी पुस्तकावरून मान वर करून त्या आवाजाकडे कान देतो. त्या विद्यार्थ्याच्या मुद्रेवर राग नसतो; कुतूहल असते. ते कुतूहल हाच आमच्या आजच्या लेखाचा विषय होय.

या प्रश्नाविषयी आमच्या पालकवर्गात दोन मते आढळतात. एक पक्ष म्हणतो, यंत्राचा नाद म्हणजे उनाडपणाची पहिली पायरी. मुलाच्या हातात पाना दिसला की तो काढून घ्यावा व पुस्तक द्यावे. दुसरा पक्ष कौतुकाने सांगतो, "आमचा बाळू गाडी अशी पळवतो की पाहतच राहावे!" आणि अठरा वर्षे पुरी होण्याच्या आतच किल्ली त्याच्या स्वाधीन करतो. आमच्या अल्प मतीप्रमाणे हे दोन्ही पक्ष चुकत आहेत. पहिला पक्ष मुलाची बुद्धी मारतो, आणि दुसरा प्रसंगी मुलासच मारतो. यंत्र सुधारण्याची हौस उत्तम आहे. परंतु सुधारलेल्या यंत्राची परीक्षा कोठे व कशी घ्यावी हे शिकविले नाही, तर ती हौस घातक होते. एवढीच गोष्ट आम्हांस सांगावयाची आहे.

हौस उत्तम आहे असे आम्ही म्हणतो ते उगाच नव्हे. कोल्हापूर हे गाव नुसते गुळाचे व कुस्तीचे नाही, ते लोखंडाचेही आहे. शिवाजी उद्यमनगरातील फौंड्री व लेथ यांवर कित्येक पिढ्यांचे हात घडले आहेत. अक्षरओळख बेताचीच असलेला मेस्त्री नुसत्या आवाजावरून एंजिनाचा रोग सांगतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावाचे श्री. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सामान जमवून, आपल्या मुलाच्या हौसेखातर, पायाने किक मारून सुरू होणारी एक लहानशी चारचाकी घरीच बांधली. २०२१ च्या डिसेंबरात तिची वार्ता देशभर पसरली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. मात्र ही गाडी रस्त्यावरील वाहनाच्या नियमांत बसत नाही, हेही त्याच वेळी सांगितले, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ च्या आरंभी तो व्यवहार पुरा झाला. या एका गोष्टीत आमच्या लेखाचे सार आले आहे. बुद्धीचा गौरव झाला, आणि नियमही मोडला गेला नाही.

इतर देशांतही मोठमोठ्या कारखान्यांचा आरंभ अशाच पडवीत व गोठ्यात झाला आहे. कॉलिन चॅपमन नावाच्या एका इंग्रज विद्यार्थ्याने १९४८ साली एक जुनी ऑस्टिन सेव्हन मोटार घेतली, तिचा सांगाडा व अंग बदलले, आणि ती हौशी लोकांच्या शर्यतीत उतरविली. पुढे त्याचीच लोटस ही संस्था जगद्विख्यात झाली. १९५७ साली त्याने 'लोटस सेव्हन' नावाची मोटार विक्रीस आणली. ती सुट्या भागांच्या रूपातही मिळे. गिऱ्हाइकाने भाग घरी न्यावे व आपल्या हाताने जोडावे. सुट्या भागांवर त्या काळी इंग्लंडात खरेदीकर पडत नसे, त्यामुळे बेताच्या मिळकतीच्या तरुणासही मोटार परवडे. अशा स्वहस्ते जोडलेल्या मोटारी घेऊन कारकून, शिक्षक, कारागीर शनिवार-रविवारी शर्यतीच्या मार्गावर जमत. आठवडाभर जे सुधारले त्याची परीक्षा तेथे होई. १९३९ साली स्थापन झालेला '७५० मोटर क्लब' तर अशा हौशी लोकांचे माहेरघरच होय.

आपल्या देशातही ही परंपरा नाही असे नाही. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धाच्या काळातील एक धावपट्टी होती. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने पुढे तेथे शर्यती भरविल्या. परदेशी मोटार आणणे त्या काळी दुरापास्त. म्हणून फियाट, हेरल्ड, अँबॅसडर अशा घरगुती गाड्यांसच हौशी मंडळी नवा जोम देत. कोईमतूरचे एस. करिवर्धन यांनी तर मारुती ८०० या साध्या कौटुंबिक गाडीचे एंजिन घेऊन नळ्यांच्या सांगाड्यात बसविले व एकच आसन असलेली शर्यतीची मोटार सिद्ध केली. 'फॉर्म्युला मारुती' या नावाने ती प्रसिद्ध झाली. याच वर्गात ज्याने आरंभीचे धडे घेतले तो नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वन शर्यतीत उतरणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन १९९५ साली विमान-अपघातात निवर्तले; कोईमतूरजवळचा शर्यतमार्ग आज त्यांचे नाव धारण करून आहे. आमच्या कोल्हापुरातही मोहिते कुटुंबाच्या पुढाकाराने कार्टिंगचा मार्ग झाला व तेथे राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या, ही गोष्ट पेठेतील मुलांस आम्ही सांगावी असे नाही. तीच आम्हांस सांगतील.

आता परीक्षेचा मुद्दा घेऊ. सुधारलेल्या यंत्राची परीक्षा का घ्यावी लागते? कारण सुधारणा एका ठिकाणी होते व उणीव दुसऱ्या ठिकाणी उघडी पडते. एंजिनाची शक्ती वाढविली, पण ब्रेक जुनेच राहिले, असे नेहमी घडते. एकामागून एक जोराने ब्रेक दाबले की ते तापतात. त्यातील द्रव जुना व ओल शोषलेला असला तर तो उकळू लागतो, आणि पायाखालची पट्टी तळापर्यंत जाऊनही गाडी थांबत नाही. वेगात लांब वळण घेतले की एंजिनाच्या तळातील तेल एका बाजूस चढते, पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि बेअरिंगे क्षणार्धात जळतात. म्हणून जाणते लोक तेलाच्या टाकीत आडव्या पट्ट्या बसवितात. टायरमध्ये हवा अधिक असली तर त्याचा मधला भाग कडांपेक्षा अधिक तापतो, कमी असली तर कडा तापतात. यास्तव शर्यतीचे मेस्त्री गाडी थांबताच टायरचे उष्णतामान आत, मध्ये व बाहेर अशा तीन ठिकाणी मोजतात. यांपैकी एकही दोष गाडी दारात उभी असता दिसत नाही. तो धावतानाच दिसतो, आणि ज्या क्षणी दिसतो त्या क्षणी गाडीपुढे कोण आहे यावर सर्व काही अवलंबून असते.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित मांडतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदास सुमारे ११ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला असे धरा. ते ११ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असता पुढे सुमारे ९ मीटरांत ती थांबेल. एकूण २० मीटर. आता वेग दुप्पट करा, ताशी ८०. पहिल्या सेकंदात २२ मीटर जातील, परंतु ब्रेकचे अंतर दुप्पट न होता चौपट होईल, म्हणजे सुमारे ३५ मीटर. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकूण ५७ मीटर. आमच्या पेठेतील कोणत्या बोळात ५७ मीटर मोकळे सापडतात, ते विद्यार्थ्यांनी टेप घेऊन स्वतः मोजावे. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मरण पावली, आणि सरकारी अहवालानुसार त्यांतील दहांपैकी सात मृत्यूंचे कारण अतिवेग हे होते.

काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात, आमच्या शाळेतून गेलेल्या व पुढे अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही कोईमतूरच्या त्या शर्यतमार्गावर गेलो होतो. तेथे 'फॉर्म्युला भारत' नावाची महाविद्यालयीन स्पर्धा भरते. विद्यार्थी मोटारसायकलचे एंजिन घेतात, सांगाडा स्वतः जोडतात, आणि वर्षभराच्या श्रमाची गाडी तेथे आणतात. आमची कल्पना अशी की, गेल्याबरोबर धावाधाव दिसेल. प्रत्यक्षात पाहिले ते निराळेच. पहिले दिवस बहुतेक तपासणीतच गेले. गाडी एका तक्त्यावर बांधून तो तक्ता ६० अंशांपर्यंत कलता करतात. तिने उलटू नये व तेलाचा थेंबही गळू देऊ नये. ब्रेकच्या परीक्षेत गाडी वेगात आणून ब्रेक दाबतात. चारही चाके एकदम जखडली पाहिजेत. तीन जखडली व एक फिरले, तर गाडी मैदानावर जाणे नाही. मग ती कितीही देखणी असो, तिच्यावर कितीही पैसा खर्च झालेला असो.

आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीचे मागचे एक चाक फिरले. मुले रात्रभर जागली, ब्रेकचा समतोल पुन्हा जुळविला, आणि दुसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली. शेवटी सुमारे २२ किलोमीटरांची सहनशक्तीची शर्यत होती. तीत अर्ध्या वाटेवर गाडी थांबवून चालक बदलावा लागतो. चालक बदलला, आणि तापलेले एंजिन काही केल्या पुन्हा सुरू होईना. ठरलेला अवधी संपला. गाडी बाजूस ढकलून नेली. वर्षभराचे श्रम तेथे संपले. आम्हांस वाटले, मुलगा रडेल. त्याचे डोळे भरले होते खरे. तथापि त्याने खिशातून वही काढली व एंजिनाच्या पाण्याचे उष्णतामान किती होते ते प्रथम लिहून ठेवले. नंतर आमच्याकडे वळून म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी येथे चूक होणार नाही." गाडी हरली होती, पण कोणास खरचटलेदेखील नव्हते, आणि दोष कागदावर पकडला गेला होता. परीक्षा म्हणजे काय, हे इतकी वर्षे उत्तरपत्रिका तपासूनही आम्हांस त्या दिवसाइतके स्पष्ट कळले नव्हते.

आता दुसरी गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती सांगताना आम्हांस लाज वाटते. आमच्या दहावीच्या वर्गात एक मुलगा होता. बुद्धीने बरा, हाताने फार कुशल. एके दिवशी मधल्या सुट्टीत तो आम्हांस विचारू लागला, "सर, भावाच्या गाडीच्या कार्ब्युरेटरचा जेट मी बदलला. गाडी खरोखरच अधिक पळू लागली, की मला नुसते तसे वाटते, हे कसे ओळखावे?" वाचकहो, हा प्रश्न साधा नव्हे. खरे काय व भासते ते काय, हाच तर सर्व विज्ञानाचा आरंभ आहे. आम्ही त्यास काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, "आधी सहामाहीत किती गुण पडले ते पाहा." वर्ग हसला. मुलगा खाली मान घालून गेला.

आठवड्याच्या आत त्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर रात्रीच्या रस्त्यावर शोधले. भाजीची गाडी ढकलीत घरी परतणारे एक वृद्ध गृहस्थ त्यास अंधारात दिसले नाहीत. त्यांच्या मांडीचे हाड मोडले. मुलाच्या मनगटाचा चुरा झाला. तो पुढे परीक्षेस बसला. परंतु ते वृद्ध गृहस्थ पुन्हा गाडी ढकलू शकले नाहीत. त्यांच्या घरी आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आम्हांस चहा दिला व मुलाच्या हाताची विचारपूस केली. त्या विचारपुशीपुढे आमच्याने बोलवले नाही. मुलाचा अपराध होताच, गाडी त्याच्या हाती पडू देणाऱ्या घरचाही होता. पण त्याच्या प्रश्नास जागा न देणाऱ्या शिक्षकाचा नव्हता, असे आम्हांस कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

शिवाजी पेठेस ही गोष्ट पटवून देणे कठीण नसावे. ही तालमींची पेठ आहे. अंगात रग आलेल्या पोराने ती चौकात येणाऱ्या-जाणाऱ्यावर काढावी, असे कोणता वस्ताद म्हणेल? वस्ताद त्यास हौद्यात उतरवितो, तांबडी माती अंगाला लावतो, जोडीचा गडी देतो, आणि स्वतः काठावर उभा राहून डाव पाहतो. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान १९१२ साली बांधून पुरे केले, ते रग मारण्यासाठी नव्हे. तिला योग्य जागा मिळावी म्हणून. पूर्वजांनी शरीराच्या शक्तीसाठी जे केले, ते यंत्राच्या शक्तीसाठी आपण केले नाही. पोरे चौकात लढू लागली यात नवल ते काय?

कायद्याचे मत याहून वेगळे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वये राज्य सरकारच्या लेखी परवानगीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. ५२ वे कलम कारखानदाराने ठरविलेल्या मूळ रचनेत मनमानी फेरबदल करण्यास मनाई करते. आणि पालकांनी विशेष ध्यानात ठेवावे ते असे की, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. परंतु केवळ दंडाच्या भीतीने सुधारलेला मुलगा दंड घेणारा दृष्टीआड होईतोवरच सुधारलेला असतो. कायदा काय करू नये ते सांगतो. काय करावे हे सांगणे आपले काम आहे.

यावर काही आक्षेप येतील. कोणी म्हणेल, बंद मैदानावर तरी अपघात होणार नाहीत काय? होतील. शर्यतीच्या मार्गावरही माणसे दगावली आहेत. ते आम्ही लपवीत नाही. परंतु तेथे शिरस्त्राण, पट्टा, निशाणे दाखविणारे पंच व रुग्णवाहिका असतात, आणि जो धोका पत्करतो तो जाणून पत्करतो. भाजीची गाडी ढकलणाऱ्या वृद्धाने कोणता धोका पत्करला होता? दुसरा म्हणेल, हा श्रीमंतांचा खेळ आहे. शर्यत महाग आहे हे खरे. पण परीक्षा महाग नाही. सायकलच्या ब्रेकची परीक्षा शाळेच्या पटांगणावर खडू, टेप व घड्याळ एवढ्यावर होते. तिसरा म्हणेल, अभ्यास बुडेल. आमचा अनुभव असा की, वर्गाचे प्रमाण ज्यास फळ्यावर कळत नाही, त्यास ते ब्रेकच्या खुणा मोजताना कळते.

म्हणून आमची सूचना अशी. शाळांनी शनिवारी एक तास यंत्रमंडळ चालवावे. उद्यमनगरातील एखाद्या वृद्ध मेस्त्रींस मानाने बोलवावे व त्यांस गुरुजी म्हणावे. शहरातील जाणत्यांनी सरकारची रीतसर परवानगी घेऊन, वर्षातून काही रविवार एखादी बंदिस्त जागा प्रौढ हौशी तरुणांस उपलब्ध करून द्यावी; तपासणीत उतरल्यावाचून तेथे कोणतेही वाहन सोडू नये. पालकांनी मुलाच्या हातातील पाना काढून घेऊ नये, आणि अठरा वर्षांच्या आत किल्ली देऊ नये.

शेवटी, त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे देत आहोत. ते फार उशिरा दिले जात आहे, याची आम्हांस जाणीव आहे. यंत्र सुधारले की नाही हे असे ओळखावे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बदलण्यापूर्वी व बदलल्यानंतर तेच अंतर, तोच चालक, तीच टायरमधील हवा ठेवावी. तीन-तीन वेळा मोजावे व सरासरी काढावी. थांबण्याची परीक्षा पळण्याच्या परीक्षेच्या आधी घ्यावी. आकडा आपल्या इच्छेविरुद्ध आला तरी तो लिहून ठेवावा. आणि हे सर्व अशा जागी करावे की, आपली चूक झाली तर तिची किंमत दुसऱ्या कोणास द्यावी लागू नये.

तो मुलगा हल्ली एका वर्कशॉपात काम शिकतो. त्याचे मनगट अजून पुरते वळत नाही. मागील महिन्यात तो आम्हांस वाटेत भेटला, तेव्हा आम्ही त्यास शनिवारच्या यंत्रमंडळात मुलांना चार गोष्टी सांगण्यास येशील काय असे विचारले. तो क्षणभर गप्प राहिला व म्हणाला, "येईन सर. पण पहिल्या दिवशी ब्रेक शिकवू."